मुळापर्यंत गेलेले पाणी

यवतमाळ जिल्ह्यातले पांढरकवडा आणि झरी जामणी, पैनगंगेच्या पलीकडे नांदेडचा किनवट तालुका, आणि चंद्रपूर जिल्ह्यातली कितीतरी गावे. या पट्ट्यात दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग इतके नेहमीचे आहेत की ते दाखवायला सहसा कोणी दवाखान्यात येत नाही. लग्न ठरायच्या वयातली मुले-मुली तेवढी येतात. बाकीची माणसे येतात ती पुष्कळ वर्षांनी, चाळिशीच्या आगेमागे, घास चावताना दात हलायला लागला आणि हिरडीतून रक्त-पू यायला लागला म्हणजे. डॉक्टर त्या वेळी डागांकडे एकदा पाहतो, केसपेपरवर ‘फ्लोरोसिस’ लिहितो आणि हिरडीच्या उपचाराला लागतो. डाग हा एक आजार, हिरडी हा दुसरा, अशी ही वाटणी. ती चुकीची आहे असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. मलाही ते पटते, म्हणून ही प्रस्तावना लिहितो आहे.

फ्लोराईड दाताच्या दिसणाऱ्या भागात जाते तसे मुळातही जाते. हिरडीची शस्त्रक्रिया झाल्यावर जखम भरते ती याच मुळाला टेकून. मग मुळाचा पृष्ठभागच रासायनिकदृष्ट्या वेगळा असेल, तर हिरडी त्याला इतर दातांसारखीच धरेल हे आपण कशावरून गृहीत धरले? मुळावर लावायची औषधे, त्यांची तीव्रता, ती किती मिनिटे ठेवायची, हे सगळे बहुतेक करून साध्या पाण्यावर वाढलेल्या माणसांच्या दातांवर ठरले. तेच आकडे घेऊन आपण झरी जामणीच्या शेतमजुराच्या तोंडात काम करतो. ते तिथे लागू पडतात की नाही, हा साधा प्रश्न विचारायलाही आपल्या शास्त्राला फार उशीर झाला.

नजर दाताच्या वरच्या भागावरच खिळून राहिली याला इतिहास आहे. 1901 साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला आला. तिथे जन्मलेल्या लोकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. गावकऱ्यांना त्यांचे काही वाटत नव्हते. मॅकेने मात्र या डागांचा पिच्छा सोडला नाही. 1909 पासून ग्रीन वर्दिमन ब्लॅक हे त्या काळचे सर्वांत मोठे दंतसंशोधक त्याच्या सोबतीला आले. डाग पडतात ते लहानपण तिथे गेलेल्यांनाच, आणि डागाळलेले दात किडतात कमी, या दोन्ही गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. कारण मात्र सापडेना. आयडाहो राज्यातल्या ओकली गावच्या आयांनी मॅकेला सांगितले की गरम पाण्याच्या झऱ्यावरून गावात नळ आला तेव्हापासून मुलांचे दात असे येऊ लागले. 1925 मध्ये गावाने ते पाणी सोडून दुसरे घेतले, आणि काही वर्षांत लहानग्यांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. त्या पाण्यात नेमके काय आहे हे अजून कोणाला ठाऊक नव्हते. मुलांच्या तोंडाकडे रोज पाहणाऱ्या बायकांनी प्रयोगशाळेच्या आधी पाण्यावर बोट ठेवले होते, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ती मुद्दाम सांगावी.

1931 मध्ये ॲल्युमिनियम कंपनीतले रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना आर्कान्सामधल्या बॉक्साइट गावच्या पाण्यात फ्लोराईड सापडले आणि कोडे सुटले. पुढे ट्रेंडली डीन यांनी डागांची प्रतवारी ठरवली. एकवीस शहरांतली 12 ते 14 वर्षांची 7,257 मुले तपासून लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम फ्लोराईड हे प्रमाण पुढे आणले. 1945 साली ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळायला सुरुवात झाली. या साऱ्या कथेत दोनच पात्रे आहेत, इनॅमल आणि कीड. हिरडीच्या आत दडलेले मूळ त्यात कुठे येतच नाही.

भारतातली सुरुवात वेगळी झाली. 1937 मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातले रुग्ण नोंदवले. मणके ताठरलेले, सांधे आखडलेले, मान वळवता न येणारी माणसे. म्हणजे आपल्याकडे या आजाराची ओळखच मुळी हाडांपासून झाली. दाताच्या मुळावरचे आवरण, ज्याला सिमेंटम म्हणतात, ते घडणीने हाडाचे जवळचे नातेवाईक आहे. हाडाकडे पाहिलेल्या देशाला खरे तर मुळाकडे पाहायला वेळ लागू नये.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दंतवैद्यकाच्या पुस्तकांत ते दोन ओळींत उरकलेले असते. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या बेसॉल्टचा आहे आणि या खडकातल्या पाण्यात फ्लोराईड सहसा कमी असते. बेसॉल्टची चादर जिथे संपते, तिथे, म्हणजे किनवटकडे, यवतमाळच्या कडेला, चंद्रपुरात, खालचा फार जुना ग्रॅनाइट आणि नाइस उघडा पडतो. त्यात बायोटाइट, ॲपेटाइट, फ्लोराइट अशी फ्लोराईड बाळगणारी खनिजे असतात. खोल भेगांत पाणी वर्षानुवर्षे मुरत राहिले की फ्लोराईड त्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला धरून खाली बसवते. कॅल्शियम कमी आणि सोडियम, बायकार्बोनेट जास्त असेल तर फ्लोराईड पाण्यातच राहते. रंग नाही, वास नाही, चव नाही. डाळ ज्यात चांगली शिजते, साबणाला फेस येतो, असे गावाला आवडणारे पाणीही यात असू शकते. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचे. गावात ज्याला चांगले पाणी म्हणतात त्याचा आणि या आकड्याचा काही संबंध नसतो.

हे खोलवरचे पाणी माणसाच्या तोंडी लागले ते बोअरवेलमुळे. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर राज्यात गावोगाव यंत्रे फिरली आणि हापशा बसल्या. आज देशभर दिसणारा इंडिया मार्क दोन हा हातपंप ज्या नमुन्यावरून घडला तो सोलापूरचा होता. या हापशीने फार मोठे काम केले. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणे थांबले, नारू हटला, पटकी-हगवण कमी झाली. भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली जाहीर केले, त्यात हापशीचा वाटा होता. त्याच हापशीने काही गावांत फ्लोराईड वर आणले. यात दोष कोणाला द्यायचा नाही. पण आज पन्नाशीत असलेला रुग्ण कुठल्या वर्षी, किती खोलीवरचे पाणी प्यायला लागला, हे डॉक्टरला माहीत असलेच पाहिजे, कारण त्याच्या दाताच्या वरच्या भागाने आणि मुळाने ते पाणी सारख्या रीतीने घेतलेले नाही.

इनॅमल तयार होते लहानपणी. अक्कलदाढ सोडली तर कायमच्या सगळ्या दातांचे इनॅमल साधारण आठव्या वर्षापर्यंत घडून होते, आणि समोरच्या वरच्या दातांच्या बाबतीत तर पहिली तीन वर्षेच निर्णायक असतात. त्या काळात फ्लोराईड जास्त झाले की घडणीच्या वेळची प्रथिने वेळेवर बाहेर पडत नाहीत आणि पृष्ठभागाखाली सच्छिद्र, अपुरे भरलेले इनॅमल राहते. घडणाऱ्या पेशी काम संपवून निघून जातात, मग त्यात दुरुस्ती नाही. सिमेंटमचे तसे नाही. ते मुळावर आयुष्यभर थराथराने साचत राहते. दाताच्या मानेजवळ त्याची जाडी जेमतेम 20 ते 50 मायक्रॉन, टोकाकडे बरीच अधिक. शरीरातल्या साऱ्या कठीण ऊतींमध्ये फ्लोराईडचे प्रमाण सर्वांत जास्त असते ते याच पातळ आवरणात, आणि वयाबरोबर ते वाढत जाते.

याचा अर्थ दवाखान्याच्या खुर्चीत नीट लक्षात येतो. कमी फ्लोराईडच्या गावात वाढलेली मुलगी विसाव्या वर्षी लग्न होऊन या पट्ट्यातल्या गावात सासरी आली. तिच्या दातांवर एकही डाग नाही, कारण तिचे इनॅमल माहेरच्या पाण्यावर घडून झालेले आहे. पण तीस वर्षे सासरच्या हापशीचे पाणी पिऊन तिची हाडे आणि सिमेंटम फ्लोराईड साठवत आले. केसपेपरवर तिच्यापुढे ‘फ्लोरोसिस नाही’ असे लिहिले जाईल. उलट, पाचव्या-सहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर पुण्याला गेलेल्या मुलाचे समोरचे दात आयुष्यभर डागाळलेले राहतील, आणि मुळांत पुढे फारसे काही साचणार नाही. डीन यांची प्रतवारी बालपणाची साक्ष देते. पन्नाशीतल्या माणसाच्या हिरडीचा उपचार ठरवताना केवळ त्या प्रतवारीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते, आणि या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांत तेच झाले आहे.

फार हलतो म्हणून काढलेला असा एखादा दात धुऊन उजेडात धरून पाहावा. वरच्या भागावर हिरडीच्या कडेला समांतर जाणाऱ्या बारीक पांढुरक्या रेषा दिसतात, काही जागी त्या एकमेकींत मिसळून चट्टा झालेला असतो. त्यावरचा तपकिरी रंग दात तोंडात उगवल्यानंतर चढलेला. आजार जास्त असेल तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. खाली दाताच्या मानेला काळपट-हिरवे किटण असे घट्ट बसलेले असते की नखाने हलत नाही. त्याखाली मुळाचा उघडा, फिकट पिवळा पट्टा, आणि टोकाकडे अजून चिकटून राहिलेले गुलाबीसर तंतूंचे धागे. दात हाडाला धरून होता तो या धाग्यांवर. किटण आणि धागे यांच्यामधला तो उघडा पट्टा हीच आपली जागा. इथे आधी हिरडी चिकटलेली होती, आजाराने ती सुटली, आणि शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा धरावी अशी अपेक्षा आहे. नुसत्या डोळ्यांना या पट्ट्यात फ्लोराईडची काही खूण सापडत नाही. वरच्या डागांसारखे काही खाली नसते, आणि दुर्लक्ष झाले ते त्यामुळेच.

आता हिरडी धरते म्हणजे काय होते ते पाहू. गवंडी जुन्या भिंतीला गिलावा करताना आधी पोपडे पाडतो, टाचे मारतो, धूळ झाडतो, पाणी मारून भिंत ओली करतो आणि मगच माल लावतो. मुळाच्या उपचाराचा क्रम साधारण असाच. आधी स्केलिंगने किटण काढायचे, मग रूट प्लेनिंगने जिवाणूंच्या विषाने खराब झालेला पृष्ठभाग तासायचा. तासताना भुकटी आणि चिखल यांचा काही मायक्रॉन जाडीचा थर मुळावर सारवला जातो, त्याला स्मिअर लेअर म्हणतात. त्याखाली मुळातले कोलॅजनचे तंतू झाकलेले राहतात. हा थर धुऊन निघाला, वरचे खनिज किंचित विरघळले, तंतूंची टोके मोकळी झाली, की त्यावर पडलेल्या रक्तातले फायब्रिन त्या तंतूंना धरू शकते. हिरडीचे भरून येणे सुरू होते ते या पकडीपासून, आणि ती पहिल्या काही मिनिटांत ठरते.

ही पकड किती महत्त्वाची, हे विकेश्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1991 च्या प्रयोगाने फार स्पष्ट दाखवले. कुत्र्यांच्या मुळांवर हेपरिन लावून त्यांनी रक्ताची गुठळी मुळाला चिकटू दिली नाही. बाकी शस्त्रक्रिया तीच, टाके तेच. तरीही हेपरिन लावलेल्या मुळांवर हिरडीची आतली ऊती पुष्कळ ठिकाणी धरली नाही; त्याऐवजी हिरडीच्या वरच्या त्वचेच्या, म्हणजे एपिथेलियमच्या, पेशी मुळाच्या कडेने खाली सरकल्या. या पेशी वेगाने जातात, दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर. मुळाशी खरी जोडणी करणाऱ्या पेशींना आठवडे लागतात. गुठळी जागेवर टिकली तर त्या सावकाश पेशींना वेळ मिळतो. ती मुळापासून सुटली तर वरची त्वचा आत शिरते आणि जखम वरून बरी दिसते. अशी जखमही स्वच्छता ठेवली तर वर्षानुवर्षे ठीक राहू शकते, हे सांगायला हवे. पण दाताने गमावलेला आधार तिने परत मिळत नाही.

कुत्र्यांवरच्याच आणखी एका जुन्या, 1968 च्या अभ्यासात हायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवलेली हिरडी मुळापासून ओढून काढायला किती जोर लागतो ते मोजले. दोन-तीन दिवसांनी सुमारे 225 ग्रॅम, आठवड्याने 340, दोन आठवड्यांनी 1,700 ग्रॅम. पहिला आठवडा किती नाजूक असतो हे यावरून कळते. टाके घातल्यावर ओल्या गॉजचा बोळा हिरडीवर ठेवून दोन-तीन मिनिटे सारख्या दाबाने धरून ठेवायचे असते. विद्यार्थ्यांना हे काम फालतू वाटते, ते हातमोजे काढायच्या घाईत असतात. त्या दाबाने मुळाला लागून राहणारी गुठळी जाड न होता पातळ राहते आणि हिरडी मुळाला लगटून बसते. फ्लोराईडच्या पट्ट्यात तर या दोन-तीन मिनिटांत मुळीच काटकसर करू नये.

मुळावर आम्ल लावायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचीच. 1970 च्या दशकात सायट्रिक ॲसिडमुळे तिला नवा जोर आला. पुढे टेट्रासायक्लिन आले आणि 1990 च्या दशकात 24 टक्क्यांचे ईडीटीए. सायट्रिक ॲसिड फार तीव्र, पीएच 1 च्या आसपास. मुळाबरोबर शेजारच्या ऊतीलाही ते भाजते. ईडीटीए उदासीन पीएचवर काम करते, कॅल्शियम ओढून घेते आणि आजूबाजूच्या पेशींना फारसा त्रास देत नाही. ही तिन्ही द्रव्ये काम करतात ती मुळातले खनिज थोडेसे विरघळवून, आणि फ्लोराईड आड येते ते इथेच. हाडादातांचे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइट. त्यातल्या हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराईड बसले की स्फटिकाची रचना अधिक घट्ट होते आणि आम्लाला दाद देत नाही. साधे ॲपेटाइट साधारण 5.5 पीएचला विरघळू लागते, फ्लोरॲपेटाइट 4.5 च्या सुमारास. किडीपासून दाताला वाचवणारा हा गुण मुळावर औषध लावताना अडचण होतो. ठरलेल्या मिनिटांत जितके तंतू उघडे पडायला हवेत तितके पडतीलच असे नाही.

दाताच्या वरच्या भागावर काम करणाऱ्यांना ही अडचण फार आधीपासून ठाऊक आहे. फ्लोरोसिसच्या दातावर सिमेंट-फिलिंग किंवा वेडेवाकडे दात सरळ करायच्या ब्रॅकेट चिकटवताना आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते, नाहीतर ते निसटतात, हे कुठलाही अनुभवी डॉक्टर सांगेल. तोच विचार मुळाकडे वळायला फार वेळ लागला. तो वळवला मुख्यतः कर्नाटकातल्या दावणगेरेच्या कॉलेज ऑफ डेंटल सायन्सेसमधल्या हिरडीरोग विभागाने. आजूबाजूच्या पाण्यातच फ्लोराईड असल्यामुळे प्रश्न त्यांच्या दारात होता. काढलेले फ्लोरोसिसचे आणि साधे दात घेऊन, त्यांच्या मुळांवर ही द्रव्ये लावून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी दोन्ही पृष्ठभाग शेजारी ठेवून पाहिले. एकच औषध दोन्ही मुळांवर सारखे वागत नाही, हे या कामातून पुढे आले. नुसते तेवढे कळले तरी पुरे होते. एखाद्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाने आपल्याच पाण्याचा, आपल्याच रुग्णांचा प्रश्न हाती घ्यावा, याचा मला मनापासून आदर वाटतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या महाविद्यालयांनी हे काम तितक्याच जोमाने उचलायला हवे होते.

म्हणून फ्लोरोसिसच्या मुळावर औषध दुप्पट वेळ ठेवा, असा सल्ला कोणी यातून काढू नये. सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर दिसणारा पृष्ठभाग आणि माणसाच्या तोंडात प्रत्यक्ष मिळणारा फायदा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 2003 साली मॅरिओटी यांनी तोवरच्या साऱ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. सायट्रिक ॲसिड, टेट्रासायक्लिन किंवा ईडीटीए लावल्याने रुग्णांच्या हिरड्यांत मोजण्याजोगा विशेष फायदा दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष साध्या दातांविषयीचा आहे, हे खरे. पण ज्याचा साध्या दातावरही फायदा सिद्ध नाही, ते जास्त वेळ किंवा जास्त तीव्र लावून फ्लोरोसिसच्या दातावर फायदा होईल, असे मानायला आधार नाही. नुकसान मात्र नक्की होऊ शकते.

उलट, जास्त तासण्याचा मोह आवरायला हवा, असे मला वाटते. मुळावर जिवाणूंचे विष खोल मुरते, म्हणून सिमेंटम पूर्ण खरवडून काढले पाहिजे, असे पूर्वी शिकवत. 1986 साली मूर, विल्सन आणि कीझर यांनी आजारी मुळे नुसती पाण्याने हलकेच धुतली तेव्हा 39 टक्के विष निघून गेले, आणि ब्रशने घासल्यावर आणखी 60 टक्के. विष बहुतेक वरवर चिकटलेले असते, हे त्यावरून कळले. मग एवढे पातळ सिमेंटम कातून टाकायचे कशाला? फ्लोराईडच्या पट्ट्यात तर हा प्रश्न दुहेरी होतो. इथल्या रुग्णाच्या मुळाची मान बहुतेक वेळा आधीच झिजलेली असते. डाग जावेत म्हणून विटेची भुकटी, कोळसा, रांगोळी, मीठ यांनी वर्षानुवर्षे घासलेले दात मी कितीतरी पाहिले आहेत. डाग तसेच राहतात, हिरडी मात्र खाली सरकते, आणि मानेपाशी बोट फिरवले तर खाच लागते. अशा मुळावर अवजार चालवताना हात हलका ठेवण्यासारखा दुसरा उपाय नाही.

फ्लोरोसिसमुळे हिरडीचा आजार वाढतो का, यावर प्रसिद्ध झालेले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत अशा गावांमध्ये हिरड्या जास्त खराब निघाल्या, काहींत तसे दिसले नाही. ते जुळावेत कसे, हाही प्रश्नच आहे. विदर्भात फ्लोराईड आणि खर्रा एकाच तोंडात भेटतात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला खर्रा गालात धरून माणूस दिवसभर शेतात राबतो. बायका मिश्री लावतात, म्हणजे भाजलेली तंबाखू बोटाने हिरडीवर चोळतात. तंबाखूने हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, रक्तस्राव कमी होतो आणि आजार झाकला जातो. जखम भरायला जे रक्त आणि ज्या पेशी लागतात त्याही मंदावतात. खर्रा सुटत नाही तोवर मुळावर कुठले औषध लावायचे हा वाद दुय्यम आहे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. त्यात आहाराची ओढाताण. कोलॅजन विणायला क जीवनसत्त्व लागते. कॅल्शियम कमी पडले की फ्लोराईड शरीरात अधिक शोषले जाते. हंगामात लिंबू-आवळा, रोजच्या जेवणात पालेभाजी, ताक, तीळ, नाचणी हा सल्ला दंतवैद्याच्या चिठ्ठीवर यायला हवा. तो देताना समोरच्या घरात काय परवडते, हेही आधी विचारायला हवे.

पाण्याचा उपाय आपल्या हाताशी आहे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने 1970 च्या दशकात शोधलेली नलगोंडा पद्धत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराईड खाली बसवते. बादलीपासून टाकीपर्यंत ती चालते. सक्रिय ॲल्युमिनाचे फिल्टर आहेत, नदीचे किंवा तळ्याचे पाणी नळाने आणता येते. 2008-09 पासून केंद्राचा फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रमही आहे. तरी फिल्टर बंद पडला की गाव पुन्हा जवळच्या हापशीकडे वळते, आणि हे पाणी पिऊ नका म्हणून हापशीवर रंगवलेली लाल खूण पुसट होत जाते. शस्त्रक्रिया करून घरी पाठवलेला रुग्ण त्याच पाण्यावर पुन्हा जगणार असेल, तर ते पाणी आपल्या उपचाराचा भाग आहे, आपण ते मानो वा न मानो. ग्रामसेवकाला एक फोन करणे, तालुक्याच्या प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी पाठवणे, हे काम आमचे नाही असे म्हणणाऱ्या दंतवैद्याशी मी सहमत होऊ शकत नाही.

या पुस्तकातल्या प्रकरणांत मुळाची रचना, फ्लोराईडचे रसायन, उपचाराची द्रव्ये आणि शस्त्रक्रियेनंतरची काळजी ही क्रमाने येतात. विद्यार्थ्याने ती सलग वाचावीत. दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरने काळजीचे प्रकरण आधी वाचले तरी हरकत नाही. त्यात सुचवलेला केसपेपर मला सर्वांत उपयोगाचा वाटला. पहिली आठ वर्षे कुठल्या गावात गेली, लग्नानंतर किंवा कामासाठी कुठे राहिलात, विहीर, हापशी की नळ, कुठल्या वर्षापासून, घरात कोणाची मान-पाठ आखडली आहे का. चार-पाच प्रश्न, दोन मिनिटे. ते विचारले की डाग नसलेली पण तीस वर्षे तेच पाणी प्यायलेली ती सासुरवाशीणही नोंदीत येते.

वाचकांपैकी जे दंतवैद्य आहेत त्यांच्याकडे शेवटची एक मागणी आहे. या पट्ट्यात हलणारे दात रोज काढले जातात आणि पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जातात. मुळावर फ्लोराईडने काय केले हे पाहायला त्या दातांइतके चांगले साधन दुसरे नाही; जिवंत दाताचे मूळ कोणी कापून पाहू शकत नाही. रुग्णाची संमती घ्यावी, दात सलाईनच्या बाटलीत ठेवावा, बाटलीवर वय, गाव आणि पाण्याचा स्रोत लिहावा, तंबाखू खातो का तेही लिहावे, आणि जवळच्या दंत महाविद्यालयाच्या हिरडीरोग विभागाशी बोलून ती बाटली तिथे पोचवावी.